बुद्धिबळाचा पट काढायला घेतला आणि उभे पट्टे आले (पायथन, कासव, इयत्ता आठवी)

निळी_शाई | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे चूक कुठे आहे ते मला कळत नाहीये, आणि कळल्याचा आव आणून दोन दिवस काढले. आता शरण आले.

लेक आठवीत आहे. सुट्टीत पायथनचा (कॉम्प्युटरला सूचना द्यायची एक भाषा) क्लास लावलाय. तिथे प्रकल्प म्हणून कासवाकडून बुद्धिबळाचा पट काढून घ्यायचाय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्क्रीनवर एक बाण फिरतो आणि मागे रेघ सोडत जातो, त्याला कासव म्हणतात. आमच्या कासवाचं नाव बंड्या.)

तिने आधी ५ बाय ५ चा छोटा पट काढून बघितला. सुरेख आला. मग ५ च्या जागी ८ केले. बदल एवढाच. तर सगळे उभे पट्टे! जुन्या सिनेमातल्या कैद्याच्या सदऱ्यासारखे. पुन्हा ५ केले, पट आला. ७ केले, पट. ६ केले, पट्टे. तिचं म्हणणं, कॉम्प्युटरला सम संख्या आवडत नाहीत.

तिने वहीत लिहिलेलं तसंच देते. आमच्याकडे आधी वहीत मराठीत आणि मग कॉम्प्युटरवर इंग्रजीत असा नियम आहे. नियम माझा, कुरकुर तिची.

पलटी = ०
रांग ० ते ७:
— घर ० ते ७:
— — पलटी ० असेल तर पांढरा, १ असेल तर काळा
— — चौकोन भरून काढ
— — पलटी = १ - पलटी
— रांग संपली: डावीकडे परत जा, एक घर वर चढ

मला तर हे वाचून बरोबरच वाटतंय. एक पांढरा, एक काळा, एक पांढरा, एक काळा. चुकतंय कुठे?

एक विनंती. तयार उत्तर नको, तिला ते चालत नाही. कुठे बघायचं तेवढं सांगा.

सोनचाफा_७२ | शनिवार, रात्री १०:२०

पायथन काढून परत टाकून बघा. माझ्या पुतण्याचं असंच झालं होतं.

बिनपाण्याची_होडी | शनिवार, रात्री १०:२३

काढून परत टाकायला ती कवळी आहे का? ५ ला चालतंय म्हणजे पायथन ठणठणीत आहे.

शून्यापासून_मोजा | शनिवार, रात्री १०:३१

सोपं आहे हो, तीन ओळींचं काम. घ्या:
[प्रतिसाद संपादित. धागाकर्तीने तयार उत्तर नको म्हटलं आहे. – संपादक]

चिंचगूळ | शनिवार, रात्री १०:५८

निळीताई, तुम्हाला कार्यानुभवाच्या तासाला केलेली कागदाची चटई आठवते का? घोटीव कागदाच्या पट्ट्या, एक रंग उभा आणि एक आडवा. पहिली आडवी पट्टी वर-खाली-वर-खाली घालायची. दुसरी पट्टीसुद्धा वरूनच सुरू केली तर काय व्हायचं? विणच बसायची नाही. त्या दोन पट्ट्या एकीमागे एक सरकून बसायच्या आणि बाई उसवायला लावायच्या. दुसरी पट्टी खालून सुरू करायची, हेच तर त्या तासाला शिकायचं असायचं.

तर लेकीला सांगा, एकच प्रश्न स्वतःला विचार: ८ घरांची रांग संपली, बंड्या वर चढला. त्या क्षणी पलटीत काय आहे? आणि काय असायला हवं होतं? कॉम्प्युटर बंद ठेव, बोटाने वहीवर चाल.

मी गेली काही वर्षं टोपल्या विणायच्या कार्यशाळा घेते, म्हणून आणखी एक. गोल टोपली एकाच लांब पट्टीने विणत न्यायची असेल तर उभ्या काड्यांची संख्या विषम ठेवावी लागते. सम ठेवली की दुसऱ्या फेऱ्याला पट्टी परत त्याच काड्यांवरून आणि त्याच काड्यांखालून जाते. तिचा ५ चा पट आणि ७ चा पट का जमला, ते हेच.

निळी_शाई | शनिवार, रात्री ११:३५

चिंचगूळताई, _चटई!_ मला समजलं!! तिला अजून सांगितलं नाही, झोपलीय. सकाळी वही आणि बोट.

रेघोट्या | रविवार, सकाळी ७:०५

चटईत भर घालतो. माझ्याकडे याची दुसरी बाजू आहे आणि मला ती जास्त पटते.

"पलटी" या युक्तीमागे एक गृहीत आहे: आत्ताचं घर आधीच्या घराला _लागून_ आहे. लागून असेल तर रंग उलटा, बरोबर. आता बंड्या रांगेच्या शेवटच्या घरातून पुढच्या रांगेच्या पहिल्या घरात जातो तेव्हा तो शेजारी जात नाही, उडी मारतो. किती घरांची? ७ घरं डावीकडे आणि १ वर, म्हणजे ८ पावलं. प्रत्येक पावलाला रंग बदलतो असं धरलं तर ८ पावलांनंतर रंग होता तोच. पण तिने तिथे एकदाच उलटवला. चूक एवढीच, आणि ती दर रांगेला होते.

५ च्या पटात हीच उडी ४ अधिक १, म्हणजे ५ पावलांची. विषम. एकदाच उलटवलं तरी उत्तर तेच. तिचा प्रोग्राम ५ ला बरोबर _नव्हता_, नशिबाने जुळला होता. मला वाटतं हे तिला जरूर सांगा. चुकीचा प्रोग्राम बरोबर चित्र काढतो तेव्हा तो पकडायला सगळ्यात कठीण असतो.

खडूस_आजोबा | रविवार, सकाळी ७:४०

आठवीतल्या पोरांना हे कशाला? २९ चा पाढा येतो का विचारा आधी.

बिनपाण्याची_होडी | रविवार, सकाळी ७:४४

आजोबा, धाग्यात सम-विषम, बाकी आणि शून्यापासून मोजणी एवढं गणित आलंय. पाढ्यावाचून अडलं नाही अजून.

निळी_शाई | रविवार, सकाळी ११:१८

ताजा अहवाल.

वहीवर बोट फिरवून तिला स्वतःच सापडलं. "आई, आठव्या घरानंतर पलटी परत शून्य होते, म्हणून दुसरी रांगही पांढऱ्यानेच!" मग तिने शेवटच्या ओळीनंतर आणखी एक ओळ घातली: रांग संपली की पलटी पुन्हा एकदा उलटव. ८ चा पट आला! घरात नाच झाला, बाबांना झोपेतून उठवून दाखवलं.

मग मी (माझीच अवदसा) म्हटलं, आता ५ करून बघ.

पट्टे.

आता ती माझ्याशी बोलत नाहीये.

शून्यापासून_मोजा | रविवार, सकाळी ११:३०

हे होणारच होतं. ८ साठी लावलेलं ठिगळ ५ ला नडतं. आता तरी सांगू का? नुसती दिशा देतो, कोड नाही.

पलटी विसरा. मागचं घर कुठल्या रंगाचं होतं हे लक्षात ठेवायची गरजच नाही. प्रत्येक घराला दोन आकडे आहेत, रांग आणि घर. ते दोन मिळवा, बेरजेला २ ने भागा, बाकी ० की १ ते बघा. पायथनमध्ये बाकीसाठी % हे चिन्ह आहे. मुलं त्याला शेकडा समजतात आणि गोंधळतात, ते आधी सांगून टाका.

एक घर उजवीकडे गेलं की बेरीज १ ने वाढते, वर गेलं तरी १ ने वाढते. म्हणजे दोन्ही दिशांना सम-विषम आपोआप पालटतं. ५ घालू दे, ८ घालू दे, नाहीतर ५ बाय ८ घालू दे.

आणि नुसत्या घराच्या आकड्याची बाकी घेतली तर काय येईल, ते तिलाच ओळखू दे. (ओळखीचे पट्टे.)

रेघोट्या | रविवार, दुपारी १२:०२

हे आहेच, पण माझ्या मते घाई झाली. मुलीने पलटी स्वतःच्या डोक्याने काढली आहे, ती टाकायची गरज नाही. उडी काढून टाका!

बैल नांगर ओढतो तेव्हा तास संपला की मोकळा चालत परत पहिल्या टोकाला येतो का? तिथेच वळतो आणि शेजारचा तास धरतो. बंड्यालाही तसं चालवा. पहिली रांग डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. मग तो प्रत्येक वेळी शेजारच्याच घरात पाऊल टाकतो आणि पलटी कुठल्याही आकाराच्या पटाला बरोबर ठरते. पलटीसाठी एकही जादा ओळ नको.

पुरावा घरातच असेल: सापशिडी. दर रांगेत १० घरं, म्हणजे सम. तरीही सम आकड्यांची घरं एका रंगाने रंगवली तर पट चौकटीचाच होतो, पट्टे येत नाहीत. कारण १० च्या बरोबर डोक्यावर ११ असतो आणि १ च्या डोक्यावर २०. आकडे नांगरटीसारखे जातात.

चिंचगूळ | रविवार, दुपारी १२:१०

सापशिडी! चाळीस वर्षं खेळले, कधी लक्षात आलं नाही.

शून्यापासून_मोजा | रविवार, दुपारी १२:२५

नांगर छान आहे, पण मला मूळ तक्रार तशीच दिसते. पलटी म्हणजे इतिहासावर अवलंबून राहणं. उद्या तिने पटावर सोंगट्या ठेवल्या, e४ वरचं प्यादं उचललं...

(अरे देवा, इथे इंग्रजी अक्षर टाइप झालं. ई४ वाचा.)

...ई४ वरचं प्यादं उचललं की खालचं एकच घर पुन्हा रंगवायचं आहे. पलटीवाला काय करणार? पहिल्या घरापासून नांगरत येणार? बेरीजवाला रांग आणि घर बघतो, रंग सांगतो, मोकळा होतो. नाट्यगृहातली एक खुर्ची परत रंगवायची तर तिचा नंबर बघायचा. पहिल्या रांगेपासून "ही लाल, ही निळी" म्हणत यायचं नसतं.

रेघोट्या | रविवार, दुपारी १२:४१

मान्य. सोंगट्या आल्या की बेरीजच. पण प्रकल्प नुसता पट काढायचा आहे, आणि "शेजारी" ही कल्पना तिला बेरजेच्या आधी कळावी असं मला वाटतं. बेरीज पाठ करून लिहिणारी पुष्कळ मुलं पाहिली आहेत, ती का चालते हे विचारलं की छताकडे बघतात.

लोगोवाला | रविवार, दुपारी १:५५

नांगरट, चटई, टोपली... वाचून मजा आली. आमच्या शाळेत लोगो होतं. एफडी १०० (शंभर पावलं पुढे), आरटी ९० (उजवीकडे ९० अंश वळ), चार वेळा, झाला चौकोन. पायथनचं कासव त्याच घराण्यातलं. लोगो १९६७ चं: सेमूर पेपर्ट, वॉली फुर्झेग आणि सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत मुलांसाठी केलेली भाषा. पुढे त्यांचं कासव खरोखरचं जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पोटाला पेन लावलेलं.

मी आता शनिवारी मुलांना शिकवतो. रंगांच्या बाबतीत दर बॅचला दिसणारे घोळ सांगून ठेवतो.

पहिला स्पेलिंगचा. शाळेत इंग्रजीच्या बाई "कलर" मध्ये यू घालायला शिकवतात, पायथनला बिनयूचा हवा. निम्मा वर्ग इथे अडतो आणि दोष त्यांचा नसतो.

दुसरा, रंग भरायला सुरुवात करायची सूचना, म्हणजे बिगिन-फिल, मुलं घरं काढणाऱ्या फेऱ्याच्या बाहेर एकदाच लिहितात आणि एंड-फिल अगदी शेवटी. मग ६४ घरांचा मिळून एकच आकार धरला जातो आणि शेवटच्या रंगाने भरला जातो. दोन्ही सूचना _प्रत्येक_ चौकोनापाशी हव्यात.

तिसरा वेगाचा. ६४ घरं रेंगाळत निघतात, म्हणून मुलं स्पीड १० करतात. सगळ्यात जलद १० नाही, ० आहे. शून्य म्हणजे थांबलेलं असं वाटतं, पण शून्याला चालण्याचं दृश्यच वगळलं जातं. त्याहून घाई असेल तर ट्रेसर शून्य करा आणि शेवटी एकदा अपडेट म्हणा, पट एकदम उमटतो. मी मात्र सुरुवातीला मुद्दाम हळू चालवायला लावतो. कासव कुठे उडी मारतंय ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि या धाग्यातली चूक तशीच दिसली असती.

जत्रेतली_बंदूक | रविवार, दुपारी ३:२०

धागा थोडा पळवतो, माफी असावी. माझ्या मुलाला तिरंदाजीचं लक्ष्य काढायचंय. दोन अडचणी. वर्तुळं एकात एक बसत नाहीत, सगळी खालच्या एका बिंदूला चिकटतात, कांदा उभा चिरल्यासारखी. आणि शेवटी एकच मोठं पांढरं वर्तुळ उरतं, बाकी गायब.

लोगोवाला | रविवार, दुपारी ३:४८

कांद्याचं कारण: सर्कल म्हटलं की कासव स्वतःभोवती वर्तुळ काढत नाही. केंद्र त्याच्या डाव्या हाताला त्रिज्येइतकं दूर असतं आणि ते परिघावरून चालतं. म्हणून प्रत्येक वर्तुळाआधी पेन उचलून मध्यापासून त्रिज्येइतकं खाली जायचं. किंवा डॉट वापरा, तो कासवाच्या जागेवरच मध्य धरतो. डॉटला मात्र व्यास द्यायचा, त्रिज्या नाही.

गायब होण्याचं कारण: तो लहानापासून मोठ्याकडे जातोय. मोठं वर्तुळ नंतर भरलं की आतली सगळी झाकली जातात. मोठ्यापासून सुरू करा. ताटात आधी वाटी ठेवून वर ताट घालत नाही आपण.

आणि रंग! तिरंदाजीच्या लक्ष्यावर रंग दर वर्तुळाला बदलत नाही, दर दोन वर्तुळांना बदलतो. वर्तुळं १०, रंग ५: बाहेरून पांढरा, काळा, निळा, लाल, पिवळा. मोठं लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे प्रत्येक पट्टा ६.१ सेंटिमीटर. इथे बाकी नको, भागाकार हवा. बाहेरून ० ते ९ मोजा, २ ने भागून पूर्णांक घ्या: ०, ०, १, १, २, २... तो रंगांच्या यादीतला क्रमांक. बाकी घेतलीत तर पांढरा-काळा-पांढरा-काळा होईल आणि ते लक्ष्य न राहता संमोहनाची चकती होईल.

शेवटी एक: काळ्या भागातली मधली रेघ पांढरी काढा, नाहीतर ३ आणि ४ गुण वेगळे दिसणार नाहीत.

कोडगा | रविवार, दुपारी ४:३०

बेरीजवाल्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. मी पायथन सोडून जावास्क्रिप्टमध्ये असाच पट केला, मध्यबिंदूला शून्य धरून. डावीकडची घरं उणे. उजवा वरचा भाग झकास, बाकी ठिकाणी घरं गळालेली. पायथनमध्ये उणे १ ला २ ने भागून बाकी १ येते. जावा, जावास्क्रिप्ट, सी यांच्यात उणे १ येते. मी विचारत होतो "बाकी १ आहे का?" "बाकी ० नाहीये का?" असं विचारलं आणि मिटलं. अर्धा दिवस गेला होता.

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ६:५०

बोलायला लागली! कोडगादादा, तुमचा खड्डा तिने वहीत लिहून घेतलाय.

तिने दोन्ही केलं. आधी नांगर. तो तिला फार आवडला कारण बंड्या वळताना दिसतो. मग बेरीज. ५, ८, १३, सगळं करून बघितलं. १३ चा पट खिडकीबाहेर गेला, ते वेगळं. जमा करायला मात्र नांगर देणार आहे. म्हणते, बेरीज सगळेच करतील.

एक आनंदाची गोष्ट. मी सहज म्हटलं की ते रांग, घर, पलटी हे शब्द देवनागरीतच ठेवून बघ. चालले! मी उगाच दोन महिने भाषांतर करायला लावत होते.

शून्यापासून_मोजा | रविवार, संध्याकाळी ७:०३

हो, पायथन ३ पासून नावं देवनागरीत चालतात. फॉर, इफ वगैरे इंग्रजीतच लागतात. आकड्यांची गंमत आहे: कोडमध्ये थेट ८ असा मराठी आकडा लिहिला तर अडतं, पण वापरणाऱ्याकडून मागून घेताना त्याने मराठी ८ टाइप केला तर इंट (टाइप केलेल्याचा आकडा करणारी सूचना) त्याला बरोबर आठ समजतो.

अडीच_घरं | रविवार, रात्री ९:१५

उशिरा आलो. इतक्या जणांनी इतकं लिहिलं आणि मूळ गोष्ट कुणी विचारलीच नाही. ताई, पटाचं डावं खालचं घर कुठल्या रंगाचं आलंय?

निळी_शाई | रविवार, रात्री ९:२१

पांढरं. पलटी ० म्हणजे पांढरा ना.

अडीच_घरं | रविवार, रात्री ९:२६

मग तो पट चौकटींचा आहे, बुद्धिबळाचा नाही. खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं पाहिजे, म्हणजे डावं खालचं, ए१, काळं. नाहीतर मांडणीत पांढरा वजीर पांढऱ्या घरात बसायचा तो काळ्यात जातो. एक आकडा बदलायचा आहे: पलटी ० ऐवजी १ पासून सुरू करा. बेरजेच्या प्रतीत सम बेरीज काळी, विषम पांढरी.

वरून खाली काढणाऱ्यांनी मात्र उलटं करावं, कारण वरचा डावा कोपरा ए८ आणि तो पांढरा.

निळी_शाई | रविवार, रात्री ९:५०

केलं. एक आकडा बदलला. तिला यात इतका आनंद झाला की काय सांगू, कारण क्लासमधल्या मुलाचा पट कोपऱ्यात पांढरा आहे हे तिला आठवलं.

आता तिचा पुढचा प्रश्न. चौकोनाऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन काढले तर? ती म्हणते दोन रंगांत जमत नाहीये, कुठेतरी दोन सारखे शेजारी येतातच. पलटी चुकतेय का?

रेघोट्या | रविवार, रात्री १०:०४

पलटी चुकत नाहीये. पोळ्यात एका कोपऱ्याला तीन षटकोन भेटतात आणि तिघेही एकमेकांचे शेजारी. दोन रंगांत तिघांना वेगळं कसं करणार? तीन रंग लागतात, आणि तीन पुरतात.

रांगोळीतल्या फुलालाही हाच नियम लावून बघायला सांगा. ८ पाकळ्या, दोन रंग, झकास. ७ पाकळ्या केल्या की पहिली आणि शेवटची सारख्या रंगाच्या होऊन शेजारी बसतात. मग तिसरा रंग घेऊन ७ करून बघू दे. नुसतं १-२-३, १-२-३ फिरवलं तर काय होतं ते सांगत नाही.

अडीच_घरं | रविवार, रात्री १०:११

षटकोनी बुद्धिबळ आहे की! ग्लिन्स्की नावाच्या माणसाने काढलेलं. ९१ घरं, तीन रंग. आणि उंट तिरकाच चालतो म्हणजे एकाच रंगावर राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन उंट.

निळी_शाई | रविवार, रात्री १०:३२

तीन उंट वाचून ती उठून बसलीय. उद्या शाळा नाही म्हणून ठीक. बंड्याला ६० अंशांत वळायला शिकवणं चालू आहे, आणि ७ पाकळ्यांत तीन रंग फिरवूनही पहिली आणि शेवटची सारखीच आली असं ओरडून सांगतेय.

चिंचगूळ | रविवार, रात्री १०:३५

तिला म्हणावं ७ काड्यांची टोपली विणायला ये.